काळा रुमाल आणि गुळाचा खडा

फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाच्या घरात रुमाल वेगळे धुतात. आमच्याकडे त्यासाठी एक पत्र्याची बादली होती. आण्णांचे रुमाल तिच्यात भिजत पडायचे आणि पाणी शाई ओतल्यासारखं काळं व्हायचं. आई ते पाणी ओतून द्यायची, परत भिजवायची, मग कुठं साबण लावायची. सगळ्याच बाप्यांच्या नाकातून काळं येतं, असं मला लहानपणी वाटायचं. एकदा शाळेतल्या मैत्रिणीचे वडील पांढऱ्या रुमालात शिंकरले आणि रुमाल पांढराच राहिला. मला ते आजारी वाटले.

आण्णा म्हणजे माझे वडील. शिरोली एमआयडीसीत मोल्डर होते. साच्यात वाळू ठोकून बसवायची, तिच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की निवल्यावर साचा फोडायचा. त्या वाळूत कोळशाची पूड असते, म्हणून ती काळी. साचा फोडला की तिचा धुरळा उठतो. केसात जातो, कानात जातो, नाकात तर घर करूनच राहतो.

मालक मास्क देत नव्हता. गूळ देत होता. शिफ्ट सुटली की गेटाजवळ प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा. धूळ गुळाला चिकटते, पोटात उतरते आणि सकाळी बाहेर पडते, अशी तिथली पक्की समजूत. शिकलेला सुपरवायझरही हेच सांगायचा आणि स्वतः खडा तोंडात टाकायचा. कोल्हापुरात गुळाला काय तोटा? मास्कपेक्षा स्वस्त, शिवाय गोड.

कॉलेजात असताना मी कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका गटात जायला लागले. माझं पहिलं पत्रक या गुळावर होतं. ‘गूळ नको, मास्क द्या!’ आम्ही ते आण्णांच्याच गेटवर वाटलं. संध्याकाळी आण्णा पत्रकाची घडी खिशातून काढत घरात शिरले.

“गुळावर कशाला लिवलीस गं?”

“गुळावर नाही, आण्णा. मास्क मागितलाय.”

“मास्क कोन देतंय? आता गूळबी बंद करत्याल. तेवढंच तर फुकट मिळतंय, त्याच्यावरबी तुझा डोळा.”

आई हसली. मी चिडून जेवलेच नाही. गूळ बंद झाला नाही आणि मास्कही आला नाही.

पुढं आण्णांच्या पायावर सूज यायला लागली. रक्तदाबानं दोन्ही किडन्या खाऊन टाकल्या होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. डायलिसिस सुरू झालं, कारखाना सुटला. किडनी बदलायची ठरली तेव्हा आई लगेच तयार झाली, पण तिला साखरेचा आजार, तिची चालणार नव्हती. मग आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, गारगोटीच्या पलीकडच्या गावातून एस.टी.नं आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “माझी बगा.” आण्णा तिला आक्का म्हणतात. आक्कापुढं त्यांचं कधी काही चाललेलं नाही.

आत्या विधवा. दिराच्या घरात राहते, दूधदुभतं तिच्याच अंगावर. दिरानं आडून आडून विचारलं, “वैनी, तुमाला काय झालं तर म्हशींचं कोन बगायचं?”

“म्हशी काय माझ्या किडनीवर दूध देत्यात व्हय?” आत्या म्हणाली. तो विषय तिथं मिटला. पण घरात तिला पुढं कितीतरी दिवस टोमणे ऐकावे लागले. माहेराला अंग कापून दिलं, हे सासरच्या माणसांच्या पचनी पडत नाही. धाकटी जाऊ भाकरी वाढताना म्हणायची, “वाढू का अजून? का अर्धीच भूक लागतीया आता?”

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात आण्णांची सगळी तपासणी झाली. हृदय पाहिलं, फुप्फुसं पाहिली, दातसुद्धा पाहिले, कारण किडलेल्या दातातनंही पुढं जंतू पसरतात म्हणे. किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, “सर्दी, पडसं, नाकाचा काही त्रास?”

“न्हाय,” आण्णा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. आई पण होती. आम्हाला दोघींनाही ते खोटं वाटलं नाही. नाक चोंदणं, सकाळी उठल्यावर घसा खाकरून काळे गोळे काढणं, गालफडं जड होणं, यातलं काहीही आमच्या घरात ‘त्रास’ या सदरात नव्हतं. ऊन लागणं हा जसा शेतकऱ्याचा आजार नव्हे, तसं ते.

ऑपरेशन झालं. आत्याची किडनी आण्णांच्या ओटीपोटात बसली आणि चालू लागली. गावात आत्याचा सत्कार झाला. शाल, नारळ, माईक. टोमणे मारणारी जाऊ पहिल्या रांगेत. भाषणात वक्ते म्हणाले की ही बहीण म्हणजे आपल्या तालुक्याचं भूषण. आत्या माझ्या कानात म्हणाली, “भूषणाला उशीर होतोय, धारा काढायच्या हायत.”

मीही अवयवदानाची पत्रकं लिहिली. सगळ्यांची गोष्ट जिथं संपत होती तिथंच माझीही संपत होती. भाऊ वाचला, बहीण धन्य झाली, टाळ्या. मला या टाळ्यांचा आता संताप येतो. ज्या माणसाला दुसऱ्याची किडनी बसवली त्याचं पुढं रोज काय होतं, हे एकही व्यासपीठ सांगत नाही. परक्या अवयवावर शरीराचे राखणदार तुटून पडतात, म्हणून त्यांना गोळ्या देऊन कायमचं गुंगीत ठेवावं लागतं. राखणदार झोपला की नुसता पाहुणाच आत राहतो असं नाही. चोरही येतात. आणि चोर आल्याची बोंबही होत नाही, कारण ताप येण्याइतकीसुद्धा ताकद शरीरात उरलेली नसते.

आण्णांचं नाक तसं कधीच मोकळं नव्हतं. ऑपरेशननंतर काही महिन्यांत ते जास्तच चोंदायला लागलं. आधी घट्ट पिवळं यायचं, गल्लीतले डॉक्टर गोळ्या द्यायचे, आठवडाभर बरं वाटायचं, परत तेच. आई ओवा-लवंगेची वाफ द्यायची. वास गेला. एकदा दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास, आणि चुलीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेल्या आण्णांना कळलं नाही. आई ओरडली तेव्हा म्हणाले, “नाक बंद हाय, डोळं उघडं हायत. हाक मारायची की.”

किडनीच्या तपासणीला ते नेमानं जायचे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा, चांगला यायचा. डॉक्टर खूश, आण्णा त्याहून खूश. नाकाबद्दल बोला, असं मी रिक्षात बसताना सांगायचे. ते म्हणायचे, “किडनीच्या डॉक्टरला नाक कशाला दावायचं? न्हाव्याकडं जाऊन चप्पल शिवायला देतीस व्हय?”

मग एक दिवस रुमालात काळं आलं.

कुणी दचकलं नाही. उलट घरात जरा बरंच वाटलं. नेहमीचं, ओळखीचं होतं ते. आईनं माळ्यावरची ती जुनी बादली खाली काढली. रविवारी कारखान्यातले आण्णांचे जुने जोडीदार भेटायला आले. त्यातल्या एकानं रुमाल बघून मांडीवर थाप मारली.

“घ्या! माल निघाला बाहेर. इतक्या वर्साचं गोदाम हाय ते, रिकामं व्हायला येळ लागणारच.”

“स्टॉक क्लिअर करतोय म्हणा,” दुसरा म्हणाला. “सेल लावा की पावणं, दारात.”

आण्णा हसून हसून खोकले. जाताना जोडीदारांनी कागदात बांधलेला गूळ पुढं केला. गेटावरचा नव्हे, चांगला, एकाच्या घरच्या गुऱ्हाळाचा. “रोज एक खडा घ्या. सगळं सुटून येतंय बगा.”

आण्णांनी रोज एक खडा घेतला. किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांत एक अशी असते की तिनं रक्तातली साखर वाढते. आण्णांची वाढलेली होती, त्यावरही गोळी चालू होती. चहात ते साखर घालत नव्हते, कटाक्षानं. पण गूळ म्हणजे साखर नव्हे. गूळ म्हणजे औषध. फाउंड्रीतल्या कुठल्याही घरात जाऊन विचारा, हेच उत्तर मिळेल. नुसत्या गुळानं सगळं झालं, असं मी म्हणत नाही. पण ज्या रोगाला गोड आवडतं, त्याला आम्ही हातानं भरवत होतो.

पुढं डाव्या गालाला मुंग्या यायला लागल्या. दाढी करताना वस्तरा लागून रक्त आलं तरी आण्णांना कळलं नाही. मग डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आली आणि त्यांना समोरच्या आईच्या जागी दोन आया दिसायला लागल्या. “एकीलाच भ्यायचो,” ते म्हणाले, पण या वेळी कुणी हसलं नाही. मी त्यांना ओढतच हॉस्पिटलात नेलं.

नाक-कान-घशाची डॉक्टर तरुण होती, माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. तिनं आण्णांच्या नाकात कॅमेऱ्याची नळी घातली आणि पडद्याकडं बघत राहिली.

“काका, नाकातून काळं येतं का?”

“येतंय की. त्येचं काय न्हाय, मॅडम. मी फाउंड्रीतला. आमच्यातल्या समद्यांनाच येतंय.”

“शेवटचं कामावर कधी गेला होता?”

आण्णा बोटांवर महिने मोजायला लागले. आईनं माझ्याकडं बघितलं. डायलिसिस सुरू झाल्यापासून आण्णा कारखान्यात गेलेच नव्हते. त्यानंतर ऑपरेशन झालं, सत्कार झाला, एक दिवाळी होऊन गेली. वाळूचा एक कण नाकात जायचं कारण नव्हतं. मग रुमालावर येत होतं ते काय होतं? हा साधा प्रश्न आमच्यातल्या कुणालाच पडला नव्हता. मला नाही, आईला नाही, गोदामाची चेष्टा करणाऱ्या जोडीदारांना नाही.

“ती धूळ नाही,” डॉक्टर म्हणाली. “बुरशी आहे. आतलं मांस मरून काळं पडतंय.”

स्कॅन झालं. गालामागच्या, कपाळामागच्या पोकळ्या भरलेल्या होत्या आणि डोळ्याच्या खोबणीचं हाड पोखरलं जात होतं. संध्याकाळी किडनीचे डॉक्टर आणि ती, दोघं आण्णांच्या खाटेजवळ आले. नाकातून कॅमेरा घालून मेलेलं सगळं खरवडून काढावं लागणार होतं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. राखणदारांना जागं करायला किडनीच्या गोळ्या कमी कराव्या लागणार होत्या. म्हणजे तेच राखणदार किडनीवर उठू शकत होते. वर बुरशीवरचं औषध किडनीला जड. किडनी टिकवणारी गोळी बुरशीला मोकळं रान देत होती आणि बुरशी मारणारं औषध किडनीला मारणार होतं.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “डोळा काढा. गोळी कमी करायची न्हाय.”

“काका, ते डोळ्यावर थांबत नाही. त्याच्या वर मेंदू आहे.”

“ते मला कळतंय. गोळीला हात लावायचा न्हाय. ती वस्तू माझी न्हाय.”

आई रडली, मी भांडले. माणूस मेला तर किडनी कुणाच्या पोटात राहणार, हे मी पत्रकासारखं मुद्देसूद सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. ऑपरेशन लांबवण्यासारखं नव्हतं. मी आत्याला फोन केला.

ती दुपारी आली. हातात दुधाची किटली, ओळखीच्या कंडक्टरनं आडवी होऊ नये म्हणून मांडीवर धरून आणलेली. खाटेशेजारच्या स्टुलावर बसली आणि आण्णांच्या पापणीकडं निरखून बघितलं. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना बाप्यासारखं बोलतात, आत्या तर जास्तच.

“काय रं, डोळा द्याय निघालास म्हणं?”

“आक्का, तू मधी पडू नगंस.”

“मी न्हाय तर कोन पडणार? माल माझा हाय.”

“म्हणूनच म्हणतोय. जाईल ती त्यात.”

“जाऊ दे की.”

“असं कसं जाऊ दे? तुला घरात काय काय ऐकून घ्यावं लागलं, मला ठावं न्हाय व्हय? आता ती फुकट गेली म्हटल्यावर त्येंच्यापुढं मी कुठल्या तोंडानं येऊ?”

“आदी तोंड तर ठेव,” आत्या म्हणाली. “नाक सडाय लागलंय, डोळा मिटाय लागलाय. ऱ्हायलं काय दावायला?”

आत्यानं किटलीचं झाकण काढलं, परत लावलं.

“मी तुला ठेव ठेवाय दिली न्हवती रं. वापराय दिलती. म्हस दिली तर दूध काढून पितोस का गोठ्यात पूजा घालतोस तिची? वापर. वापरून संपली तर संपली. मी काय परत मागाय येतो व्हय?”

“लोक म्हणत्याल…”

“लोकांस्नी मी बगतो. तू मेलास तर ती जाऊ मलाच म्हणंल, किडकी किडनी दिली, भाऊ मारला. ते मला न्हाय ऐकून घ्यायचं. आपल्या मालाचं नाव खराब होतंय.”

आण्णांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू असेल, पण गालाचा डावा भाग हलत नव्हता, त्यामुळं कळलं नाही. ते माझ्याकडं वळले. मग मला म्हणाले, “मॅडमला बोलीव. कमी करा म्हणावं.”

ऑपरेशन झालं, एकदा नव्हे, परत परत आत जाऊन साफ करावं लागलं. डोळा राहिला. पापणी अजून थोडी खाली आहे. वास गेला तो परत आलाच नाही. बुरशी थांबली, पण नाक काही बरं झालं नाही. रोज मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचं, आतल्या खपल्या काढायच्या, ठरल्या वेळी कॅमेऱ्यानं बघून घ्यायचं. हे आता जन्माचं आहे. पडसं म्हणून ज्याला आम्ही कधी मोजलं नाही, त्याच्याभोवती घराचा दिवस फिरतो.

किडनीच्या डॉक्टरांना मी एकदा व्हरांड्यात गाठून विचारलं, “तुम्ही आण्णांना नाकाचा त्रास विचारलात. नाकातून काय येतं, कुठल्या रंगाचं येतं, हे का नाही विचारलंत? कुठं काम करतात हे तर लिहून घेतलं होतं.” मी भांडायच्याच तयारीनं गेले होते. ते म्हणाले, “विचारायला हवं होतं.” समोरचा माणूस कबूल झाला की आमच्यासारख्यांची पंचाईत होते.

मालकाकडून मात्र असलं काही ऐकायला मिळालं नाही. गेटावर मी परत पत्रक वाटलं. या वेळी त्यात लिहिलं होतं की ज्यांची किडनी बदललीय, ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी नाकातून काळं आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शिफ्ट सुटून बाहेर पडणाऱ्या एका कामगारानं ते उभ्या उभ्या वाचलं. तोंडात गुळाचा खडा, पापण्यांवर काळी पूड.

“ताई, साखर मला पण हाय,” तो म्हणाला. “पर आमचं तर रोजच काळं येतंय. मग त्यातलं हे कंचं आणि ते कंचं, आमाला कसं कळायचं?”

धोक्याची खूण कुठली, ते पत्रकात छापता येतं. पण ज्या कारखान्यानं ती खूणच माणसाच्या रोजच्या रुमालावर उमटवून ठेवलीय, तिथं ते पत्रक काय कामाचं? मास्क द्या, हवा खेळती ठेवा, वाळूवर पाणी मारा. माझ्या पहिल्या पत्रकातल्या मागण्या अजून तशाच आहेत, नवीन काही लिहावंच लागत नाही.

आत्याची किडनी त्या औषधांतून तगली, पण पूर्वीसारखी उरली नाही. हळूहळू मंदावत गेली आणि गेल्या पावसाळ्यानंतर थांबली. आण्णा परत डायलिसिसला जायला लागले. आत्याला मात्र त्यांनी सांगू दिलं नाही. फोन आला की म्हणायचे, “चाललंय, झकास.” आईनं शेवटी न राहवून सांगून टाकलं.

आत्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारात. आण्णा बाजेवर बसले होते, ते उठायला लागले.

“बस, बस,” ती म्हणाली. “काढून टाकली म्हणं?”

“न्हाय,” आण्णा खाली बघत म्हणाले. “आतच हाय. त्रास देत न्हाय तंवर ठिवत्यात. काम करंना झाली, एवढंच.”

“म्हणजे रिटायर झाली.”

“व्हय.”

“कुठं हाय?”

आण्णांनी शर्टाची खालची बटणं काढली. ओटीपोटावर उजवीकडं तिरका व्रण आणि त्याखाली थोडा उंचवटा. आत्यानं पदराला हात पुसला आणि त्या उंचवट्यावर तळवा ठेवला. आई भिंतीला टेकून उभी होती. आण्णांनी श्वास धरून ठेवला होता, जणू हलले तर तिला लागेल.

“कमी दिवस चालली रं,” आत्या म्हणाली.

“व्हय, आक्का.”

“पर ह्ये नाकाचं झेंगट निस्तरंपतूर दम धरला तिनं.”

तिनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं आण्णांच्या शर्टाची बटणं वरपासून लावत आली, आणि हात होता तिथं येऊन थांबली.